मिळकत देणारी मिळकत

१. अर्धाच विचारला जाणारा प्रश्न

“थोडीफार शिल्लक जमली आहे, आता कोठेतरी एखादी जागा घेऊन टाकावी म्हणतो. आपले मत काय?” हा प्रश्न निवृत्तीच्या उंबरठ्यावर आलेल्या शिक्षकांनी मला विचारला आहे, नुकत्याच मिळवत्या झालेल्या तरुणांनी विचारला आहे, आणि अलीकडे तर ‘नोकरी सोडून याच व्यवसायात पडावे काय’ अशा पुरवणीसह तो वारंवार कानी येतो. या प्रश्नाचा जो अर्धा भाग उच्चारलाच जात नाही, तो असा की ती जागा कशासाठी घ्यावयाची आहे. राहण्यासाठी घर घेणे, भाड्याच्या उत्पन्नासाठी गाळा घेणे, पुढे भाव चढेल म्हणून माळरानावरचा भूखंड घेऊन ठेवणे आणि खरेदी-विक्रीचा उदीम करून त्यावर संसार चालविणे, या चार सर्वस्वी भिन्न गोष्टी असून आपल्याकडे त्या चारींना ‘जागेत पैसा घालणे’ या एकाच नावाने ओळखले जात असल्यामुळे, एकीचे नियम दुसरीला लावून माणसे फसतात.

या सर्वांच्या मुळाशी एक श्रद्धा आहे: माणसे वाढतात, जमीन वाढत नाही, म्हणून जमिनीचा भाव चढल्यावाचून राहत नाही. ही श्रद्धा सर्वस्वी खोटी नाही. परंतु ज्या मुंबईत ती सर्वांत दृढ आहे, त्याच मुंबईने समुद्र हटवून जमीन वाढविली आहे, आणि त्या वाढविलेल्या जमिनीचा इतिहास प्रत्येक नवख्या गुंतवणूकदाराने एकदा तरी वाचावा असा आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ पासून तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि त्या पैशाच्या पुरात बॅक बेचा समुद्र भरून काढण्यासाठी निघालेल्या कंपन्यांचे भाग घेण्यासाठी शहरातील लहानथोर तुटून पडले. १८६५ साली युद्ध संपले, कापूस कोसळला, आणि त्याबरोबर ते भागही कोसळून प्रेमचंद रायचंदांसारखे धनाढ्यसुद्धा कर्जबाजारी झाले. यातील विचार करण्याजोगी गोष्ट अशी की त्या लोकांचा जमिनीविषयीचा अंदाज चुकलेला नव्हता. बॅक बे पुढे खरोखरच भरली गेली, तेथे मरीन ड्राइव्ह उभा राहिला, आणि आज त्या किनाऱ्याचा भाव साऱ्या देशाला ठाऊक आहे. मात्र हे घडले विसाव्या शतकात, म्हणजे १८६५ च्या गुंतवणूकदाराच्या नातवंडांच्या काळी. जमिनीचे भविष्य अचूक ओळखूनही माणूस बुडू शकतो, कारण जमिनीला वाट पाहता येते; कर्ज काढून ती घेणाऱ्याला येत नाही.

शिवाय जमीन आडवी वाढली नाही तरी उभी वाढते. एका भूखंडावर एकूण किती बांधकाम करता येईल याचे जे प्रमाण शासन ठरवून देते, त्याला चटईक्षेत्र निर्देशांक म्हणतात. हजार चौरस फुटांच्या भूखंडावर निर्देशांक एक असेल तर एकंदर हजार चौरस फूट बांधता येते. तो दोन झाला की दोन हजार. जमीन तीच, माती तीच. परंतु शासनाच्या एका अधिसूचनेने तिचे मोल पालटते. तेव्हा स्थावर हा शब्द संस्कृतात न हलणाऱ्या वस्तूचा वाचक असला, तरी तिची किंमत न हलणारी असते असे कोणत्याही कोशात म्हटलेले नाही.

२. भाड्याचा हिशेब

मराठीत ‘मिळकत’ या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत. मिळकत म्हणजे उत्पन्न, आणि मिळकत म्हणजे घर-जमीन. ज्यांनी हा शब्द रूढ केला त्यांच्या मनात, जी वस्तू काही मिळवून देते तीच मिळकत, असे समीकरण असले पाहिजे. आज बाजारात असलेल्या कित्येक सदनिका या कसोटीला कितपत उतरतात, हे एका उदाहरणाने पाहू.

समजा, पुण्याच्या एखाद्या उपनगरात ६० लाख रुपयांची सदनिका आहे आणि तिला दरमहा १५,००० रुपये भाडे येते. वर्षाचे भाडे १,८०,००० रुपये, म्हणजे किमतीच्या तीन टक्के. दलाल येथेच हिशेब थांबवितो; आपण पुढे जाऊ. सात टक्क्यांप्रमाणे मुद्रांक शुल्क ४,२०,००० रुपये आणि नोंदणीचे ३०,००० रुपये धरले की खरा खर्च ६४,५०,००० रुपये होतो. एक भाडेकरू जाऊन दुसरा येईपर्यंत वर्षातला एक महिना जागा रिकामी राहिली, तर भाडे उरले १,६५,०००. त्यातून गृहसंस्थेचा देखभाल खर्च ३०,०००, घरपट्टी १२,००० आणि रंगरंगोटी, नळ, विजेची दुरुस्ती यांचे सरासरी ८,००० वजा करा. हाती राहिले १,१५,००० रुपये. साडेचौसष्ट लाखांवर एक लाख पंधरा हजार, म्हणजे पावणेदोन टक्क्यांच्या आसपास.

यावर ठरलेले उत्तर येते की भाड्याकडे पाहू नका, भाव दहा वर्षांत दुप्पट होतो. तो होतो असे क्षणभर मानू. दहा वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला दहा टक्के, असा समज सर्वत्र आढळतो. परंतु चक्रवाढीने पाहिल्यास दरसाल केवळ ७.२ टक्क्यांनी वाढणारी रक्कमसुद्धा दहा वर्षांत दुप्पट होते. म्हणजे जी वाढ ऐकताना डोळे दिपतात, ती प्रत्यक्षात मध्यम प्रतीची आहे, आणि तीही निश्चित नाही. सदनिका घेऊच नये असे मला यातून सुचवावयाचे नाही. भाड्यातून किती आणि भाववाढीच्या आशेतून किती, हे दोन आकडे कागदावर वेगळे मांडल्याशिवाय पाऊल उचलू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. कारण पहिला आकडा मोजता येतो आणि दुसरा केवळ मानता येतो.

३. कर्ज म्हणजे पहार

जड दगड हलवायचा तर आपण पहारीचा आधार घेतो. कर्ज ही गुंतवणूकदाराची पहार होय. वरच्याच उदाहरणात ६० लाखांच्या सदनिकेवर बँकेने ८० टक्के, म्हणजे ४८ लाख रुपये कर्ज दिले, तर स्वतःचे १२ लाख आणि शुल्काचे साडेचार लाख मिळून साडेसोळा लाखांत साठ लाखांची वस्तू नावावर होते. भाव दहा टक्के चढला की सहा लाखांचा लाभ साडेसोळा लाखांवर होतो. दहा टक्के उतरला की तोटाही सहा लाखांचाच आणि तोही त्याच साडेसोळा लाखांतून जातो. पहार निसटली की ती पहिल्यांदा धरणाऱ्याच्याच पायावर येते.

आता हप्ता पाहा. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी ४८ लाखांचा मासिक हप्ता सुमारे ४१,६५० रुपये येतो, आणि पहिल्या महिन्यात त्यातील ३४,००० रुपये निव्वळ व्याजाचे असतात. खर्च वजा जाता भाडे दरमहा साडेनऊ हजारांच्या घरात येत असल्याने, महिन्याला सुमारे ३२,००० रुपये खिशातून घालावे लागतात. ज्याचा पगार हा भार बारा महिने, आजारपणातही आणि नोकरी गेली तरी निदान सहा महिने, सोसू शकेल त्यानेच ही पहार उचलावी. कर्जाचा हप्ता भाड्यातून परस्पर फिटेल या भरवशावर घेतलेली पहिली सदनिकाच पुष्कळांची शेवटची ठरते.

४. आपण विकत घेतो ते काय?

भाजी विकत घेतली की ती पिशवीत येते. जमीन पिशवीत येत नाही. ती असते तेथेच राहते, आणि आपल्या हाती येतो तो केवळ हक्क. हा हक्क कागदांत राहत असल्यामुळे स्थावराच्या व्यवसायातील खरे कौशल्य भाव करण्यात नसून कागद वाचण्यात आहे. या प्रकरणातील कोणताही एकच भाग सावकाश वाचणार असाल, तर तो हाच वाचावा.

ग्रामीण जमिनीचा पहिला कागद म्हणजे सातबारा. गावनमुना सात आणि गावनमुना बारा हे दोन नमुने एका पानावर आल्यामुळे त्याला हे नाव पडले. वरच्या भागात जमिनीचा गट क्रमांक, क्षेत्र, आकारणी, भोगवटादारांची नावे आणि ‘इतर अधिकार’ हा रकाना असतो. खालच्या भागात पिकांची नोंद. नवखा माणूस मालकाचे नाव वाचतो आणि उतारा घडी घालून ठेवतो. जाणता माणूस प्रथम इतर अधिकारांकडे वळतो, कारण बँकेचा बोजा, कुळाचे नाव, पाण्याचा वा वाटेचा हक्क, न्यायालयातील दाव्याची नोंद, ही सर्व त्या अरुंद रकान्यात दाटीवाटीने बसलेली असतात. त्यानंतर तो भूधारणा पद्धती पाहतो. भोगवटादार वर्ग एक असेल तर जमीन सामान्यतः मुक्तपणे विकता येते. वर्ग दोन असेल, तर ती इनाम, वतन वा शासनाने काही शर्तीवर दिलेली जमीन असण्याचा संभव असून सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून तिचे हस्तांतर करता येत नाही. वर्ग दोनची जमीन निम्म्या भावात मिळते म्हणून हुरळून जाणाऱ्याने, निम्म्या भावात निम्माच हक्क मिळतो आहे हे ध्यानी घ्यावे. आदिवासी खातेदाराच्या जमिनीला तर याहून कडक संरक्षण आहे, आणि ते असणे न्याय्यच आहे.

सातबारा हा शेवटी महसुलाचा कागद आहे. सारा कोणाकडून वसूल करावयाचा हे सांगण्यासाठी तो जन्मला, आणि मालकीचा अंतिम पुरावा म्हणून न्यायालये त्याला मान्यता देत नाहीत. म्हणून त्यावरील प्रत्येक फेरफार क्रमांकाचा माग काढावा लागतो. फेरफार म्हणजे हक्कातील बदलाची नोंद. वारसाने, वाटपाने वा खरेदीने नाव पालटले की तलाठी ती घेतो, संबंधितांस नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते, आणि मग मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो. हे फेरफार जुन्याकडून नव्याकडे क्रमाने वाचीत गेले, म्हणजे एखाद्या घराण्याची वंशावळच डोळ्यांपुढे उभी राहते: आजोबा वारले, तीन मुलगे लागले, एकाने हिस्सा विकला, आणि दोन मुलींची नावे कोठेच आली नाहीत.

ही न आलेली नावे फार महत्त्वाची आहेत. हिंदू कुटुंबाच्या वडिलार्जित मिळकतीत मुलीला जन्मतः हिस्सा देणारी सुधारणा महाराष्ट्राने १९९४ साली केली आणि २००५ साली ती केंद्रीय कायद्यात आली. तेव्हा बहिणींच्या सह्या नसलेले खरेदीखत पुढे वर्षानुवर्षांच्या दाव्याला निमंत्रण देते. बहिणीने हिस्सा स्वखुशीने सोडला असल्यास त्याचे नोंदलेले हक्कसोडपत्र मागावे. ‘ती काही मागणार नाही’ या भावाच्या तोंडी ग्वाहीवर विसंबू नये. येथे मला व्यवहारापलीकडचेही काही म्हणावयाचे आहे. बहिणीची सही टाळून स्वस्तात मिळणारी जमीन घेणे म्हणजे तिच्या वंचनेत भागीदार होणे होय, आणि अशा पायावर उभारलेल्या व्यवसायाला मी व्यवसाय म्हणणार नाही.

कोकणात हा गुंता आणखी वाढतो, कारण तेथे एकेका सामाईक सातबाऱ्यावर चाळीस-चाळीस नावे असतात आणि त्यांतील निम्मी मुंबईला. गोव्यात विवाहितांच्या मिळकतीला पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा लागू असल्याने विक्रीखतावर पती-पत्नी दोघांच्या सह्या लागतात. महाराष्ट्रातील सवयीने तेथे गेलेला ग्राहक हे विसरतो आणि अडकतो.

शहरात नगर भूमापन झालेले असेल तेथे सातबाऱ्याच्या जागी मालमत्ता पत्रक येते. आणि जो शेतकरी नाही, त्याला कूळ कायद्याच्या कलम ६३ अन्वये परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही, ही गोष्ट तर शहरी गुंतवणूकदाराने खूणगाठीसारखी बांधून ठेवावी. शहराच्या वेशीबाहेर फलक लावून एक-दोन गुंठ्यांचे तुकडे विकणारे पुष्कळ आहेत. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, एकराचा चाळिसावा भाग. ती जमीन अद्याप शेतीचीच असेल, बिनशेतीचा आदेश व मंजूर रेखांकन नसेल, तर १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याची अडचण उभी राहू शकते, आणि विक्रेता नोंदणी टाळून पाचशे रुपयांच्या मुद्रांक कागदावर ‘नोटरी’ करून देतो. हा कागद पैसे दिल्याचा पुरावा होईल. मालकीचा होणार नाही.

कोणता कागद किती वजनाचा, हे लक्षात राहण्यासाठी लग्नाचा दृष्टांत सोयीचा पडतो. इसारपावती म्हणजे सुपारी फुटली. बोलणी ठरली, थोडी रक्कम हातावर ठेवली. साठेखत म्हणजे साखरपुडा. अमुक मुदतीत अमुक अटींवर खरेदी होईल असा करार. खरेदीखत म्हणजे लग्न. मालकी तेव्हाच पालटते. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने हे स्पष्ट केले आहे की विक्रीच्या नुसत्या कराराने मिळकतीत कोणताही हक्क निर्माण होत नाही, आणि १९०८ च्या नोंदणी कायद्याने शंभर रुपये वा अधिक किमतीच्या स्थावराचे हस्तांतरपत्र नोंदविणे सक्तीचे केले आहे. दस्तावर सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत तो दुय्यम निबंधकाकडे हजर करावा लागतो. उरले कुलमुखत्यारपत्र. तो केवळ दुसऱ्याच्या वतीने वागण्याचा अधिकार आहे. मुखत्यारपत्राच्या आधारे मिळकत ‘विकल्याने’ मालकी जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली निःसंदिग्धपणे सांगितले आहे.

या साऱ्यावर कळस म्हणजे शोध अहवाल. वकील दुय्यम निबंधक कार्यालयातील सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदलेल्या दस्तांचा गोषवारा, साधारण तीस वर्षे मागे जाऊन तपासतो आणि गहाण, विक्री, दावा यांची साखळी मांडतो. त्याची फी मिळकतीच्या किमतीपुढे नगण्य असते, तरीही व्यवहारात काटकसर करण्यासाठी माणसे नेमकी तीच फी निवडतात, याचे मला आजही वाईट वाटते. जमीन असल्यास याच्या जोडीला भूमी अभिलेख खात्याकडून मोजणी करून घ्यावी, कारण कागदावरील क्षेत्र आणि बांधाच्या आतील क्षेत्र ही जुळी भावंडे असतीलच असे नाही.

५. अपुरी इमारत

बांधून झालेली वस्तू घेणे आणि बांधली जाणार असलेली वस्तू घेणे, यांत तयार धान्य आणि उभे पीक यांतला फरक आहे. उभे पीक स्वस्त, पण त्यावर आभाळाची मर्जी. महाराष्ट्रात ग्राहकाच्या रक्षणासाठी १९६३ पासूनच सदनिकांविषयी कायदा होता. त्यानंतर २०१६ च्या केंद्रीय कायद्याने स्थावर संपदा नियामक प्राधिकरण, अर्थात महारेरा, अस्तित्वात आले. त्यातील चार गोष्टी नवख्याने पाठ कराव्यात. भूखंड पाचशे चौरस मीटरांहून मोठा आणि सदनिका आठांहून अधिक असतील, तर नोंदणीवाचून विकासकाला जाहिरातही करता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी सत्तर टक्के त्याच प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवावे लागतात. करारनामा नोंदविण्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. आणि विक्री चटईक्षेत्रावर, म्हणजे भिंतींच्या आत प्रत्यक्ष वापरता येणाऱ्या जागेवर करावी लागते.

नोंदणी म्हणजे हमी नव्हे, हेही तितकेच खरे. प्रकल्पाच्या पानावर मंजुऱ्या, न्यायालयीन दावे, पूर्णत्वाची तारीख आणि तिला मिळालेल्या मुदतवाढी दिसतात. तीनदा मुदत वाढलेला प्रकल्प स्वतःविषयी सर्व काही सांगून मोकळा झालेला असतो. ताबा घेताना भोगवटा प्रमाणपत्र मागावे. जुन्या इमारतीत घेत असाल, तर जमीन संस्थेच्या नावे झाली आहे काय, हे विचारावे. ती झाली नसल्यास मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग आहे, परंतु पुनर्विकासाची बोलणी सुरू झाल्यावर तो शोधू लागणे म्हणजे मांडव घातल्यावर मुहूर्त पाहणे.

६. पहिले वर्ष : एक वस्ती, एक वही

आता व्यवसायाकडे वळू. ज्याला या क्षेत्रात आयुष्य काढावयाचे आहे, त्याला माझा आग्रहाचा सल्ला असा की पहिल्या वर्षी त्याने काहीही विकत घेऊ नये. त्याने एक वस्ती निवडावी, जी त्याला पायी हिंडता येईल: डोंबिवलीचे दोन वॉर्ड, नाशिकरोडचा एक भाग, कोल्हापुरातील एखादी पेठ. तेथील शंभर सदनिकांची वही करावी. प्रत्येकीपुढे मागितलेला भाव, प्रत्यक्ष नोंदलेला भाव, भाडे, किती दिवस रिकामी राहिली आणि का, एवढे रकाने पुरेत.

नोंदलेला भाव कोठून आणावा? सूची क्रमांक दोन मध्ये व्यवहाराची रक्कम आणि शासनाने धरलेले बाजारमूल्य दोन्ही असतात, आणि तो अभिलेख कोणालाही पाहता येतो. शासन दरवर्षी प्रत्येक विभागाचे दर ठरविते, त्याला बोलीभाषेत रेडी रेकनर म्हणतात. मुद्रांक शुल्क त्या दरावर किंवा प्रत्यक्ष किमतीवर, जी जास्त असेल तिच्यावर लागते. मागितलेला भाव, नोंदलेला भाव आणि रेडी रेकनर हे तीन आकडे एका ओळीत आले की वस्ती बोलू लागते. कोणत्या गल्लीत पाणी टँकरने येते, कोणत्या इमारतीची गच्ची गळते, कोणत्या रस्त्याची रुंदी विकास आराखड्यात वाढणार आहे आणि कोणाचे अंगण त्यात जाणार आहे, हे वर्षभर चालणाऱ्या माणसाला ज्या सहजतेने कळते, त्या सहजतेने ते दहा शहरांच्या जाहिराती चाळणाऱ्याला कदापि कळत नाही. या व्यवसायात ज्ञान मोठे असावे लागत नाही. ते लहान जागेचे आणि पक्के असावे लागते.

७. तीन वाटा

या वर्षाच्या अखेरीस पुढे तीन वाटा फुटतात, आणि त्यांची गल्लत करू नये. दलाल आपले श्रम विकतो. त्याचे भांडवल थोडे, परंतु उत्पन्न अनियमित. आता त्याला महारेराकडे नोंदणी करावी लागते, आणि २०२३ पासून त्यासाठी प्रशिक्षण व परीक्षा आवश्यक झाली आहे. पूर्वी पानाच्या टपरीवरून चालणाऱ्या या धंद्याला त्यामुळे प्रतिष्ठा येत आहे, ही मी शुभ गोष्ट समजतो. विकासक जोखीम विकतो. जमीन, परवानग्या, कंत्राटदार, कर्ज आणि ग्राहक या पाच घोड्यांचा रथ एकाच वेळी हाकणे हे त्याचे काम, आणि पाचांपैकी एक घोडा बसला की रथ थांबतो. गुंतवणूकदार काळ विकतो. तो थांबतो, आणि थांबण्याचे मोल घेतो.

साधनांची चणचण असलेल्या तरुणासाठी मला क्रम असा योग्य वाटतो: प्रथम दलाल, वास्तुविशारद, मूल्यनिर्धारक, गृहवित्त संस्था किंवा मिळकतीचे काम करणारा वकील, यांपैकी कोणाच्या तरी हाताखाली दोन-तीन वर्षांची उमेदवारी, त्यानंतर स्वतःच्या वस्तीत, भाड्याला सहज जाईल अशी एक लहान सदनिका वा गाळा, तो सांभाळण्याचा पाच वर्षांचा अनुभव, आणि मग दुसरा. भाऊ-मित्र मिळून भागीदारीत जमीन घेणे वाईट नाही, परंतु कोणाचे किती पैसे, कोण कधी बाहेर पडू शकेल आणि एकजण वारल्यास काय, हे पहिल्याच दिवशी लेखी व्हावे. नोकरी कधी सोडावी? घरखर्चाएवढे निव्वळ भाडे, हप्ते वजा जाता, सलग दोन वर्षे येऊ लागेल तेव्हा. त्याआधी सोडणाऱ्याला घर चालविण्यासाठी विकावे लागते, आणि ज्याला विकावेच लागते त्याला भाव मिळत नाही.

ज्याच्याजवळ लाखांची शिल्लक नाही, त्याच्यासाठी रीट नावाचे एक साधन २०१९ पासून आपल्या शेअरबाजारात आले आहे. मोठ्या कार्यालयीन इमारती एका न्यासाच्या मालकीच्या असतात, त्या न्यासाचे लहान भाग विकले जातात, आणि वाटप करण्याजोग्या रकमेतून निदान नव्वद टक्के भागधारकांना द्यावी लागते. शंभर माणसांनी मिळून एक आमराई घ्यावी आणि आंबे वाटून घ्यावेत, तशातला हा प्रकार. भाव येथेही चढतो-उतरतो. मात्र त्याचा अहवाल वाचता वाचता भाडेकरार, रिकामी जागा, कर्जाचा भार या संज्ञा नवख्याच्या अंगवळणी पडतात, हा त्याचा मला वाटणारा मोठा उपयोग.

कराविषयी दोनच गोष्टी. घरपट्टी वजा करून राहिलेल्या भाड्यातून तीस टक्के सूट सरसकट मिळते, दुरुस्तीचा खर्च प्रत्यक्षात कितीही असो. आणि चोवीस महिन्यांहून अधिक काळ ठेवून विकलेल्या मिळकतीवरील नफा दीर्घ मुदतीचा ठरून त्याला कराचा वेगळा दर लागतो. बाकीचे तपशील वारंवार बदलतात, म्हणून प्रत्येक विक्रीपूर्वी सनदी लेखापालाला भेटावे.

८. भाडेकरू

भाड्याच्या व्यवसायाला कायदा कसा घडवितो आणि मोडतो, याचे उदाहरण मुंबईच्या चाळी. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या सुमाराच्या पातळीवर गोठविली. युद्धोत्तर टंचाईत लक्षावधी गरीब कुटुंबांना त्या कायद्याने छप्पर राखून दिले, हे ऋण विसरता येणार नाही. परंतु ते गोठणे पुढे अर्धे शतक टिकले, दुरुस्तीला पुरेल एवढेही भाडे मालकाला मिळेना, भाड्यासाठी नव्या चाळी बांधणे थांबले, पागडी बोकाळली, आणि इमारती जीर्ण होऊन पावसाळ्यात कोसळू लागल्या. मध्यमवर्ग मालकीच्या सदनिकेकडे आणि सहकारी गृहसंस्थेकडे वळला, त्यामागे हेही एक प्रबळ कारण होते. गावदेवीची सारस्वत गृहसंस्था १९१५ पासून हा मार्ग दाखवीत उभी होतीच.

१९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याखाली आज बहुतेक निवासी व्यवहार ‘संमती व परवाना’ करारावर होतात. हा करार लेखी असावा आणि नोंदलेला असावा, असे कायदा सांगतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर टाकतो. नोंद नसल्यास अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. नोंदलेला करार असेल तर मुदत संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन जागा परत मिळविण्याचा तुलनेने लवकरचा मार्ग खुला राहतो. अकरा महिन्यांच्या करारालाही नोंदणी लागते, आणि ‘अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी कशाला’ हे वाक्य जितके प्रचलित आहे तितकेच चुकीचे आहे.

आणखी एक गोष्ट येथे सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. जात, धर्म, आहार, किंवा एकटी राहणारी स्त्री, एवढ्यावरून घर नाकारण्याची रीत आपल्या शहरांत आहे. ती अमानुष तर आहेच, शिवाय व्यवसायाच्या दृष्टीनेही ती आंधळी आहे, कारण भाडे वेळेवर देणे आणि जागा नीट ठेवणे या दोन गुणांचा त्या कशाशीही संबंध नाही. चांगला घरमालक नळ गळतो म्हणून निरोप आल्याबरोबर प्लंबर धाडतो, अनामत ठरल्या दिवशी परत करतो, आणि त्यामुळे त्याची जागा क्वचितच रिकामी राहते. दुसऱ्या भागातील हिशेबात आपण जो एक रिकामा महिना धरला होता, तो त्याच्या वहीत पुष्कळदा येतच नाही.

९. रुमाल

पेशवे दप्तरातील कागद रुमालांत बांधलेले असत, आणि रुमालाच्या नावावरून कोणता कागद कोठे, हे कळे. प्रत्येक मिळकतीचा असा एक रुमाल घरात असावा, मग तो कापडाचा असो वा पुठ्ठ्याचा: खरेदीखत व त्यामागची जुनी खते, सूची दोन, शोध अहवाल, सातबारा वा मालमत्ता पत्रक, मोजणीचा नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, संस्थेचे भागपत्र, घरपट्टीच्या पावत्या, भाडेकरार आणि कर्ज फिटल्याचा दाखला. खरेदीनंतर फेरफार आपल्या नावे झाला की नाही हे स्वतः जाऊन पाहावे, आणि पुढे दरवर्षी एकदा नवा उतारा काढून गेल्या वर्षीच्या उताऱ्याशेजारी ठेवून वाचावा. अनोळखी फेरफार क्रमांक दिसला तर त्याच दिवशी तलाठ्याकडे चौकशी करावी. गृहसंस्थेत नामनिर्देशन केले म्हणजे वारसा ठरला, असे कित्येक समजतात. नामनिर्देशित व्यक्ती ही मिळकत वारसांच्या वतीने ताब्यात घेणारी असते, मालक होणारी नव्हे. म्हणून त्या रुमालात शेवटचा कागद मृत्युपत्राचा असावा, आणि रुमाल कोठे ठेवला आहे हे घरात निदान दोघांना ठाऊक असावे.